सैल झालेल्या बांगड्या

धुळ्याच्या भगिनींनो, सासरची श्रीमंती आपल्या अंगावरच्या मांसाने मोजतात. हे आणखी किती दिवस सोसायचे?

पांझरा नदीकाठी रोज माझ्याबरोबर चालणाऱ्या गोदाला बोलवायला आज पहाटे गेले, तर तिच्या सासूबाईंनी दार अडवले. "अक्का, हिच्या बांगड्या सैल झाल्या. बठ्ठी, सगळीच्या सगळी पेठ म्हणेल, सून उपाशी ठेवली! चालणे आजपासून बंद."

गोदा आतून म्हणाली, "आत्याबाई, आधी रिकाम्या हाताने जिना चढताना धाप लागायची. आता भरली घागर घेऊन चढते. हे सांगा ना पेठेला!"

तरी सासूबाई दारातून हलल्या नाहीत. मी एकटीच चालून आले. तेव्हापासून घरात मन लागत नाही.

उद्या पहाटे सगळ्या गोदाच्या दाराशी या आणि आधी सासूबाईंनाच चालायला बोलवा.