भिंतीखालून आलेला बेल

माझ्या सासूबाईंना गळ्यातलं इष्टलिंग हातावर घेऊन, त्याच्यावर बेलाचं पान वाहिल्याशिवाय पाण्याचा थेंब चालत नव्हता. आणि गावात बेलाचं झाड एकच. वाटणी झाली, अंगणात भिंत उठली आणि झाड गेलं चुलत सासऱ्यांच्या बाजूला. आता पान कोण आणणार? मीच की, नवी सून. रोज सकाळी त्यांच्या दारात उभं राहायचं. चुलत सासऱ्यांची बायको, म्हणजे धाकट्या सासूबाई, आधी सगळी भांडी घासायच्या, मग माझ्याकडं बघायच्या. "घे. एकच घे. फांदी वाकवू नको."

चिटगुप्प्याच्या अलीकडं आमचं गाव, काळ्या मातीचं. निजामाच्या राज्यातली गोष्ट ही. एका साली भिंतीच्या आमच्या बाजूला बेलाचा फुटवा वर आला. त्याच झाडाचं मूळ भिंतीखालून आलेलं. कमरेएवढा होईस्तोवर आम्ही त्याच्यापुढं कडबा रचून लपवला. पण कडबा म्हशीनं खाल्ला आणि तो पलीकडच्यांना दिसला.

"अक्का, मूळ आमचं हाय," धाकट्या सासूबाई भिंतीवरून म्हणाल्या.

"मूळ तुमचं, माती आमची," आमच्या सासूबाई म्हणाल्या.

सासरे म्हणाले, तहसीलीत जाऊ. तर सासूबाई त्यांच्यावरच उलटल्या, "एका पानासाठी उर्दूत अर्ज लिवायचा व्हय?"

दुसऱ्या दिवशी पलीकडून कुदळीचे घाव ऐकू आले. चुलत सासऱ्यांनी त्यांच्या बाजूनं मूळ तोडलं. चैत्र संपत आलेला, भिंत तव्यासारखी तापलेली. दुपारपर्यंत पानांनी माना टाकल्या.

"तुझाच पायगुण," सासूबाई मला म्हणाल्या.

माझ्या बापाचा पानमळा होता. उन्हात रोप कसं जगवायचं ते मी परकरात असल्यापासून बघितलेलं. म्हटलं, इथून हलवू, न्हाणीमागं सावलीला लावू. ऊन उतरल्यावर मातीच्या गड्ड्यासकट काढलं आणि ओल्या गोणपाटात बांधलं. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यातून गरम वारा मुळांपर्यंत जातो. म्हणून खड्ड्यात ओढ्याचा गाळ आणि जुनं कुजलेलं शेणखत घातलं, पायानं दाबलं. मग पानं खुडायला लागले, तर सासूबाईंनी मनगटच धरलं.

"काय करायलीस गं! बोडकं करायलीस?"

"आत्याबाई, मुळं तुटल्यात. एवढ्या पानांना पाणी कुठून पुरवील ते?"

"आन् सगळी आजच खुडलीस तर उद्या लिंगावर काय वाहू? तुझं डोस्कं?"

"हीच वाहा की. बेलाचं पान शिळं होत न्हाई, तुमीच सांगता. धुवून धुवून रोज वाहा."

त्यांनी मनगट सोडलं. मग पदर पसरला.

बुडाशी मडकं पुरलं, त्याच्या भोकात चिंधीची वात घातली, म्हणजे पाणी झिरपत राहतं. पश्चिमेला मोडकी बाज उभी करून तिला कडबा बांधला. तरी एका भर दुपारी सासूबाई त्याच्यावर घागर ओतताना दिसल्या. मी ओरडलेच, "त्याला बुडवू नका! नुसती ओल राखायची!" सुनेनं आवाज चढवला म्हणून त्यांनी अबोला धरला. काही सांगायचं झालं तर म्हशीला सांगायच्या. "म्हशे, सांग हिला, भाकरी करपायलीय."

पलीकडून रोज टोमणे. "अक्का, काडीला मांडव घातलाय, काडीचं लगीन हाय का?" आणि वर, "पान लागलं तर सुनंला धाडा की."

सासूबाईंचे ओठ आवळायचे. "म्हशे, उपाशी मरंन, पण त्या दारात आता कुणी जाणार न्हाई."

धुवून धुवून पानं तुटायला लागली. तीन दळांतलं एक तुटलं की ते पान लिंगाला चालत नाही. पदरभर पानांतली मूठभर राहिली, मग चारपाच, मग एकच. मी नखानं साल खरवडून बघायची. आत हिरवं असायचं, पण काडी काही फुटत नव्हती. ते शेवटचं पान धुताना सासूबाईंच्या बोटांतच सुटलं. त्या दिवशी त्या उपाशी राहिल्या. चूल पेटली, त्या तिकडं फिरकल्या नाहीत. मीही भाकरी झाकून ठेवली.

दुसऱ्या सकाळी मडकं भरायला गेले, तर काट्याजवळ तांबूस कोंब फुटून त्याची इवली तीन दळं उलगडलेली. मी हाक मारली. सासूबाई आल्या, हात पुढं केला.

"खुडू नका, आत्याबाई! एवढ्यात खुडलं तर मरंल."

वाटलं, आता कानाखाली बसणार. त्यांनी माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही. तिथंच मातीत बसल्या. गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतलं आणि हातच उचलून त्या कोवळ्या पानाला नेऊन टेकवला. पान फांदीवरच राहिलं आणि पूजाही झाली. मंत्र तर पलीकडं ऐकू जातील एवढ्या मोठ्यानं म्हटले.

भिंतीवर धाकट्या सासूबाईंचं डोकं आलं. "फुटलं व्हय अक्का? आमच्याच झाडाचं लेकरू ते."

"नाळ तोडून उन्हात टाकलेलं लेकरू," सासूबाई म्हणाल्या. "आता आई म्हणून मिरवायला आलीस कामून?"

मग उठल्या, गुडघे झटकले आणि गोठ्याकडं तोंड करून म्हणाल्या, "म्हशे, सांग हिला, मडकं भरायचं राहिलंय."