रेमेतचं वजन आणि जपानी घास

शिवणाच्या खोलीत चिंध्या कधी जमतात ते कळत नाही. संध्याकाळी केर काढायला वाकावं, तर कोपऱ्यात ढीग! किश्श्यांचंही तसंच. बाया माप द्यायला येतात, हात वर करून उभ्या राहतात, आणि हात वर केलेल्या बाईला गप्प राहणं जमत नाही. आमचं निम्मं पापडी गाव माझ्या टेपच्या आत उभं राहून बोलून गेलं आहे.

मला सगळे मास्तरीण म्हणतात. शाळेची पायरी मी चढलेली नाही. वाचायला शिकले ती प्रार्थनेच्या पुस्तकावर बोट ठेवून, आणि मशीन चालवायला शिकले ती कोणालाही न विचारता. त्यामुळे बोलतानाही मी कोणाला विचारत नाही.

सत्तरची वर्षं संपून ऐंशीची लागली होती, तेव्हाचे हे किस्से. आमचं तिघींचं टोळकं होतं. मी, शेजारची रेमेत आणि पलीकडच्या आळीतल्या सुमनवहिनी. रेमेत विधवा, केळीच्या वाडीची मालकीण, अंगाने भारी आणि आवाजाने त्याहून भारी. सुमनवहिनी हिंदू वाडवळ, सोमवार मासळीविना कडक पाळायच्या आणि मंगळवारी सकाळी त्याची भरपाई करायच्या.

*

रेमेतच्या पोटात कळा येऊ लागल्या. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरकडे मीच तिला घेऊन गेले. पित्ताशयात खडे निघाले.

"ऑपरेशनशिवाय इलाज नाही," डॉक्टर म्हणाले. "पण एवढ्या वजनावर मी भूल देऊ देणार नाही. आधी वजन उतरवा. आणि वेळ घालवू नका, पुढची कळ कशी येईल सांगता येत नाही." भात कमी, तळलेलं बंद, केळी बंद.

रेमेत म्हणाली, "डॉक्टर, नाहीतरी पोट उघडणारच आहात. जास्तीचं असेल तेवढं तेव्हाच काढून घ्या की!"

डॉक्टर हसले, नर्स हसली. बाहेर येऊन ती बाकावर बसली आणि डॉक्टरच्या चिठ्ठीची घडी घालत, उलगडत राहिली. मी पाहिलं, आणि पिशवीत काहीतरी शोधायला लागले.

*

वजन उतरवायचं तर मोजायला काटा हवा. गावात माणसाचा काटा कुठला? होता तो केळीच्या वखारीतला. दर रविवारी मिस्सा झाला की रेमेत देवळातून परस्पर वखारीत जायची आणि काट्यावर चढायची. वखारवाला मनवेल आकडा सांगायचा. आकडा बऱ्यापैकी कमी भरायचा. आम्ही खूश! त्या खुशीत सुमनवहिनींनी एकदा खीरही केली.

डॉक्टरच्या काट्यावर मात्र वजन तसूभर उतरलेलं नव्हतं.

रेमेत तरातरा वखारीत गेली. "मनवेल, तुझा काटा खोटा आहे!"

मनवेलला ते फार लागलं. बापाच्या वेळचा काटा! तो म्हणाला, "काटा खोटा नाही बाय. इतकी वर्षं तुझी केळी मी कशी मोजतो? घडाच्या दांड्याचं वजन कापूनच सांगतो ना? तसंच तुझंही सांगितलं!"

*

डॉक्टरने चालायला सांगितलं होतं. आता आमच्या गावात बाया चालत नव्हत्या असं नाही. जन्मभर चालल्या, पण डोक्यावर टोपली घेऊन, नाहीतर कडेवर पोर घेऊन. नुसत्या हात हलवत, तिन्हीसांजेला, चांगली लुगडी नेसून किल्ल्याच्या दिशेने निघालेल्या तीन बाया म्हणजे एकच अर्थ.

पहिल्या दिवशी पहिल्याच ओटीवरून हाक आली, "कोण गेलं गो?"

दुसऱ्या ओटीवरचा म्हातारा टोपी काढून उभाच राहिला. तिसऱ्या घरातून एकजण रुमाल डोक्याला बांधत आमच्यामागे यायला निघाली. म्हणाली, "थांबा, मीही येते, कोणाकडे ते वाटेत सांगा."

सुमनवहिनी थांबल्या आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अजून कोणी गेलं नाही! जाऊ नये म्हणून चाललोय!"

आळी हसली. रेमेतही हसली, पण किल्ल्यापर्यंत आमच्या चार पावलं पुढेच चालली.

*

त्या उन्हाळ्यात रेमेतचा भाचा बस्त्याव बोटीवरून सुटीवर आला. मालवाहू बोटीवर तो कुक होता. त्याची बोट जपानच्या बंदरात दुरुस्तीला बरेच दिवस अडकली होती, आणि तिथे एका खानावळीच्या फळीसमोर बसून बसून तो एक पदार्थ शिकला होता. सुशी.

"मावशी, तिकडे जाडा माणूस शोधावा लागतो," बस्त्याव म्हणाला. "आणि खातात काय? भात आणि मासा!"

भात! रेमेत खुर्चीतून उठलीच. "भात खातात आणि जाडे होत नाहीत?"

"तेल नाही, खोबरं नाही, मसाला नाही. भाताला थोडा आंबट शिरका लावायचा, त्यावर माशाचा पातळ काप. झालं."

मी विचारलं, "आणि मासा शिजवायचा कधी?"

"शिजवायचा नाही."

नेमकी तेव्हा दारात हिरू कोळीण टोपली उतरवत होती. तिच्या हातातला हलवा मासा हातातच राहिला. "म्हावरा कच्चा? कोन खाते कच्चा? आमची मांजर पन पयले हुंगून बगते! पोरा, तुजे बोटीवर पानी हाय, चूल नाय का रे?"

*

भाताचीही गंमत झाली. बस्त्यावला मोकळा भात नको होता. एकमेकाला चिकटून राहील असा हवा होता. मी कोठीतला नवा जाडा तांदूळ काढला. नवा तांदूळ तो, व्हायचा तसा गिचका झाला. बस्त्याव बोटांनी दाबून बघत म्हणाला, "फर्स्ट क्लास! अस्साच लागतो!"

सुमनवहिनी त्या पातेल्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"लग्न होऊन आले तेव्हा माझा भात अस्साच व्हायचा," त्या म्हणाल्या. "सासूबाईंनी वर्षभर ऐकवलं, माहेरचा उद्धार केला. आणि जपानात हा पाहुण्यांना वाढतात! मास्तरीणबाई, माझं स्थळच चुकलं!"

*

पण पहिली सुशी मी विसरणार नाही, आणि ती चवीसाठी नव्हे.

बस्त्यावने काळ्या कागदासारखं काहीतरी आणलं होतं. समुद्रातलं शेवाळ वाळवून केलेलं. सुमनवहिनींचे यजमान कचेरीत कारकून होते, ते म्हणाले, "हा तर कार्बन पेपर!" त्यात बस्त्यावने भात गुंडाळला, काकडी घातली. काही घास नुसते भाताचे वळले आणि त्यांवर हिरूच्या ताज्या सुरमईचे काप ठेवले. मग रेमेतला टेबलाशी बसवलं, तिच्यासमोर काचेची बशी ठेवली आणि बशीत घास मांडले. एकमेकाला न लागता.

रेमेत म्हणाली, "आधी तू खा. मग मनवेलकडे पाठव, सुमनच्या घरी..."

"नाही मावशी. ही तुझी बशी आहे. तिकडे बनवणारा समोर उभा राहतो आणि खाणारा खाईपर्यंत हलत नाही."

ती तशीच बसून राहिली. कच्च्या माशाची भीती असेल म्हणून मी पुढे झाले आणि एक घास उचलून तोंडात टाकला. मला कशाचीच भीती वाटत नाही. थंड, मऊ, काहीशी मुकी चव. वाईट नव्हती. रेमेतने बोटांनी कपाळावर क्रूस काढला आणि घास खाल्ला. हळू खाल्ला. मग दुसरा. बशी संपेपर्यंत बस्त्याव समोरून हलला नाही.

"अजून देऊ?" बस्त्यावने विचारलं.

"नको," रेमेत म्हणाली. "पुरे झालं." आणि स्वतःच चकित झाली.

त्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. आम्ही बाया खादाड म्हणून जाड झालो का? छे! आम्ही सगळ्यांचं झाल्यावर, चुलीपाशी उकिडव्या बसून, पातेल्यातूनच जेवायचो. टाकून कसं द्यायचं म्हणून मुलांचं उष्टं, नवऱ्याने ठेवलेला भात, तळाची खरपुडी. आमच्या अंगावरचं वजन म्हणजे घराचं उरलंसुरलं! रेमेत जन्मभर वाढत आली. तिच्या नावाची बशी तिच्यापुढे त्या दिवशी पहिल्यांदा आली. जपान्यांच्या बारीक राहण्याचं गुपित माशात आहे की बशीत, ते मला ठाऊक नाही. पण रेमेतचं वजन त्यानंतर उतरायला लागलं. मनवेलच्या काट्यावर, दांड्यासकट!

*

पुढे काळा कागद संपला. मग आमच्या बायांनी सुशी हातात घेतली म्हणजे तिचं काय होणार! सुमनवहिनींनी कोबीचं पान वाफवून त्यात भात गुंडाळला. सोमवारची वेगळी, गाजर घालून. मी कोलंबीचं लोणचं घातलं. रेमेतने एक दिवस प्रत्येक घासात तळलेला बोंबील भरला, वरून ओलं खोबरं पेरलं आणि परातभर सुशी मांडली.

बस्त्याव डोक्याला हात लावून म्हणाला, "मावशी, ही सुशी नाही. हे जेवण आहे!"

रेमेत म्हणाली, "मग जपानी काय जेवत नाहीत?"

आम्ही पोट धरून हसलो. पण ती परात तिने आम्हाला फार खाऊ दिली नाही. स्वतःच खात राहिली. बशी घेतली नव्हती. उभ्याने खात होती.

*

दुसऱ्या दिवशी मी तिला मापाला बोलावलं. मला टेप लावायचीही गरज नसते, बाई दारातून आत येते तेव्हाच कळतं. तरी लावली. उतरलेलं निम्मं परत भरलं होतं; हे कालच्या एका परातीचं काम नव्हतं.

"हे काय चाललंय?" मी म्हटलं. "डॉक्टरने सांगितलेल्या आकड्याला जवळजवळ टेकली होतीस!"

"म्हणूनच," ती म्हणाली.

मला क्षणभर समजलं नाही.

"आकडा झाला की ते कापणार गो. वजन आहे तोवर मला कोणी टेबलावर घेत नाही."

माझा आवाज चढला. "आणि मधेच कळ आली म्हणजे? भीती वाटते तर भीती वाटते म्हण! भातावर काय ढकलतेस?"

सुमनवहिनी दारात होत्या. हिरू पायरीवर टोपली ठेवून बसली होती. रेमेतने सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं. कमरेची टेप तिने स्वतःच सोडवून माझ्या हातात दिली.

"मला मरायचं नाही," ती म्हणाली.

धीर देणारी वाक्यं मला येत नाहीत, आणि ज्यांना येतात त्यांचा मला राग येतो. शेवटी हिरूच बोलली, मासे झाकता झाकता.

"माजा दादला रोज दर्यान जाते. रोज भिते, बरं का. होडी लोटताना हात थंडगार! भिऊन घरान बसला असता, तं तू काल बोंबील कुठून तळले असतेस?"

रेमेत हसली नाही. पदराने तोंड पुसलं, चपला घातल्या. म्हणाली, "चला किल्ल्यावर."

आणि दिवेलागण होईपर्यंत आम्ही चाललो.

*

आता शेवटचा सांगते.

बस्त्याव बोटीवर परत गेला, पावसाळा सरला, आणि डॉक्टरच्या काट्याने हो म्हटलं. इस्पितळात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी फादर येऊन प्रार्थना करून गेले. मुंबईहून तिची मुलगी आली होती, ती कोपऱ्यात रडत होती. आळीतल्या बाया येऊन रेमेतचा हात हातात घेऊन जात होत्या, आणि जाताना प्रत्येकीचा चेहरा असा, की जणू उद्याचं तिला आजच कळलं आहे. दोघींनी तर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, वेळ आलीच तर तिचे शेवटचे कपडे तयार आहेत का? मी त्यांना काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुपारी रेमेत माझ्या खोलीत आली. एकटी. हातात नवं कापड, गडद लाल, बारीक फुलांचं. मनात म्हटलं, ही स्वतःच आणून देते आहे की काय!

"पोलकं शिवायचंय," ती म्हणाली. "घे माप."

हात वर करून ती उभी राहिली. मी माप घेतलं. छाती, कंबर, दंड. खांदे कधी नव्हे इतके हलके झाले होते. टेप पुन्हा लावत मी मुद्दाम वैतागून म्हटलं, "सरळ उभी राहा की!"

"उभी आहे सरळ. शिवायला कधी घेशील?"

"आजच."

"घाई नाही. घरी आल्यावर घालीन. बरोबर अंगाचं शिव, ढगळ नको."

"बरं."

ती दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"मास्तरीण, वाढत्या पोरींच्या झग्याला आतून कापड सोडतेस ना, पुढे सैल करता यावं म्हणून?"

"हो. मग?"

"मलापण सोड. चांगलं चार बोटं."

ते पोलकं मी नंतर दोनदा सैल करून दिलं.