सतरावी पिशवी

तीन गळीत हंगामांपूर्वीचा, पौषातला एक मंगळवार. दुपारचे साडेतीन. तीनशे पन्नास मिलिलिटर रक्त. हजर तिघं – रक्तपेढीतल्या सिस्टर, तिसगावचा अनिल नावाचा टेम्पोवाला आणि मी.

त्या दुपारी काय झालं ते गेल्या रविवारपर्यंत मी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. रविवारी एका माणसाला सांगितलं, तिथवर मी येईनच. पण आधी शमुवेल कोण होता ते सांगायला हवं. की हाही वेळकाढूपणाच? असेल. तरी सांगतो.

शमुवेल आणि मी सोनईच्या शाळेत एका बाकावर बसलो, आणि पुढे एकाच साखर कारखान्यात लागलो. तो वर्कशॉपमध्ये फिटर, मी वजनकाट्यावर क्लार्क. पाळी संपली की गेटवर तो माझी वाट बघायचा, माझ्या मोटरसायकलच्या मागे बसायचा आणि घर येईपर्यंत माझ्या कानाशी भजनं म्हणायचा. कारखान्यात एकदा आरोग्य तपासणी झाली, त्यात दोघांचा रक्तगट ओ निगेटिव्ह निघाला. अख्ख्या वर्कशॉपसमोर तो म्हणाला, "बामना, तुजं नि माजं रगत येकच निघालं. तुज्या आईला सांगू नको, म्हातारी उपास धरंल." सगळे हसले. मीही हसलो. आईला मात्र खरंच सांगितलं नाही.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याच्या हाडांतला मगज रक्त करेनासा झाला. डॉक्टरांनी मोठं नाव सांगितलं. आम्ही आपसांत 'रक्त आटणं' म्हणायचो. दर दोन-तीन आठवड्यांनी नगरच्या दवाखान्यात भरती व्हायचं, रक्त चढवून घ्यायचं आणि घरी यायचं. गट दुर्मीळ. पेढीतून एक पिशवी हवी तर बदली एक माणूस रक्त द्यायला उभा करावा लागे. माणसं शोधायचं काम मी घेतलं. नगर, श्रीरामपूर, पार दौंडपर्यंत फोन केले. आकडे, पत्ते, तारखा – हे माझं क्षेत्र. माझ्या काट्यावर ऊस आणणारे शेतकरी एकमेकांना सांगत, "भाऊसाहेब हायेत ना काट्यावर? मग पावती बघू नको." याचा मला अभिमान होता. अजूनही आहे, हेही इथे लिहून ठेवतो.

आणि शमुवेल? तो तिथे काय करत होता? बाराव्या खाटेवर पडून तो वॉर्ड चालवत होता असं म्हटलं तरी चालेल. शेजारच्या आजीच्या पायाला तेल लावायला तिच्या सुनेला शिकवायचा. ड्युटी संपलेल्या सिस्टर 'एक भजन म्हणा, मग जाते' म्हणून थांबायच्या. लोक त्याला पास्टरबाबा म्हणायला लागले, तो म्हणायचा, "मी फिटर हाय, नट ढिला असंल तर सांगा." दवाखान्याच्या खिचडीला शिव्या घालायचा. कॅरममध्ये सोंगटी कोपराने सरकवायचा. पण मी एकदा विचारलं, तू देवाकडे बरं व्हायचं मागतोस का, तेव्हा तो सरळ म्हणाला, "न्हाई रे. आज कुनाला भेटायचं तेवढं दाव म्हनतो. रोज कुनीतरी येतंच." त्याच्याकडे बघून त्या वॉर्डातली माणसं रडायची थांबत, हे मी स्वतः पाहिलं आहे. मी देवाधर्माच्या वाटेला फारसा न जाणारा माणूस, पण तिथून निघताना माझीही पाठ ताठ झालेली असायची.

त्यानेच मला वही करायला सांगितली. दर पिशवीला एक ओळ – क्रमांक, तारीख, ज्याने रक्त दिलं त्याचं नाव, गाव. का? तर रोज संध्याकाळी सहा वाजता त्याला त्या एकेका नावासाठी प्रार्थना करायची होती. रूथवहिनी, त्याची बायको, नावं वाचायच्या आणि तो डोळे मिटून प्रत्येक नावाला थांबायचा. पिशवी तपासणीला जाते आणि तिच्या बदल्यात पेढी दुसरी तयार पिशवी देते, हे त्याला ठाऊक होतं. पण तो म्हणायचा, "ज्यानं हात पुडं केला त्याचंच रगत."

सोळा पिशव्या झाल्या. सोळांत माझं नाव नव्हतं. कुणी विचारलं नाही, कारण मी कधी बीपी म्हणायचो, कधी हंगामाची गर्दी. खरं कारण इतकं लहान आहे की लिहायला हात उचलत नाही. मला भीती वाटायची. सुईची, रबरी नळीतून स्वतःचं रक्त जाताना दिसेल त्याची. बस, एवढंच.

त्या मंगळवारी डॉक्टरांनी दोन पिशव्या सांगितल्या आणि मला एकही माणूस मिळाला नाही. दुपारी शमुवेलच्या खाटेपाशी उभा राहून मी म्हणालो, "आज मी देतो." त्याने उशीवरून मान उचलून माझ्याकडे पाहिलं.

खाली पेढीत मी फॉर्म भरला. वजन अडुसष्ट. बोटाला टोचून पाहिलं, हिमोग्लोबिन तेरा पूर्णांक आठ. बीपी ठीक. म्हणजे सबब एकही नाही. माझ्या आधी खाटेवर एक तिशीतला माणूस झोपला होता. त्याची मावशी त्या वॉर्डातून परवाच घरी गेली होती. त्याचाही गट हाच असल्याने मावशीने त्याला बजावलं होतं की पास्टरबाबाला रक्त दे. कांदा घेऊन नगरला आला होता, टेम्पो खाली करून थेट पेढीत. त्याने मला विचारलं, "ती वही तुमीच लिवता का? माजं नाव घ्या बरं का. अनिल, तिसगाव. त्यांच्या पारथनेत नाव येतं म्हनं." मग जरा थांबून, छताकडे बघत, "बायकोला नववा लागलाय. आमचं दोनदा गेलंय."

मी म्हणालो, "घेतो."

त्याच्या हाताजवळ एक लहान यंत्र पिशवीला झोके देत होतं, पाळण्यासारखं. पिशवी हळूहळू फुगत होती. माझ्या पाठीवरून घामाची धार गेली. त्याच्या ते लक्षात आलं असावं. "काय न्हाई हो भाऊसाहेब," तो म्हणाला, "डास चावल्यागत वाटतं." त्याची पिशवी भरली, बिस्किटाचा पुडा खिशात घालून तो गाडी काढायची घाई म्हणत गेला. सिस्टरनी माझं नाव पुकारलं. मी मोबाईल कानाला लावला – फोन आलेला नव्हता – आणि बाहेर आलो.

परत आत गेलो नाही.

गेटसमोरच्या मेडिकलमधून मी एक चिकटपट्टी घेतली आणि जिन्याच्या वळणावर बाही वर करून कोपराच्या आतल्या बाजूला लावली. हे मी विचार न करता केलं असं सांगता आलं असतं. पण तसं नाही. कापसाचा बोळाही खाली ठेवला, खरा दिसावा म्हणून.

पाचच्या सुमाराला पिशवी वर आली. एकच. दोन माणसांनी हात पुढे केला असता तर दोन आल्या असत्या. दुसरी गुरुवारी मिळाली, आणि मधले दोन दिवस शमुवेल उशीला टेकून धापा टाकत राहिला. पण मंगळवारी तो खुशीत होता. टांगलेल्या पिशवीकडे बघून वहिनींना म्हणाला, "बामनाचं चढतंय गं. उद्यापास्नं मी वरन-भातच मागनार." मग त्याने माझा हात ओढला, अंगठा त्या पट्टीवर ठेवला आणि प्रार्थना केली. शब्द फार नव्हते. या हाताला सांभाळ, एवढे मला आठवतात. त्याच्या धर्मात क्रूसावर सांडलेल्या रक्ताला काय मोल आहे हे मला त्याच्यामुळेच माहीत होतं. तरी मी हात मागे घेतला नाही.

आणि मग वही. आता मी काय केलं असेल? पिशवी एक आली होती. ओळ एक. दोन नावं लिहिली असती तर आकडा जुळला नसता. अनिलचं लिहिलं असतं तर माझी पट्टी उघडी पडली असती. मी सतरा क्रमांक घातला, तारीख घातली आणि माझं नाव लिहिलं. स्वच्छ अक्षरात.

काट्यावर एकाच्या खेपेची पावती दुसऱ्याच्या नावावर फाडणं याला आम्ही चोरी म्हणतो. माझ्या एका जोडीदाराने एकदा शेतकऱ्याची खेप मेव्हण्याच्या नावावर दाखवली होती. ती मी पकडून दिली. त्याची नोकरी गेली आणि मला त्या दिवशी शांत झोप लागली.

शमुवेल त्यानंतर चौदा महिने जगला. एक पिशवी दोन दिवस उशिरा आल्याने तो गेला असं नाही, डॉक्टरांना विचारून मी खात्री केली आहे. पण ती खात्री मी कशासाठी करून घेतली? तीन महिन्यांनी पुन्हा द्यायची माझी पाळी आली, तेव्हा परत बीपी म्हणालो, आणि या खेपेला सगळ्यांनी समजून घेतलं, कारण मी एकदा दिलं होतं. रोज सहाला तो माझं नाव घेत राहिला. चर्चमध्ये उभं राहून त्याने साक्ष दिली, 'माझा लहानपणचा मित्र सुईला घाबरतो, तरी त्यानं दिलं.' म्हणजे त्याला माझी भीती माहीत होती. शाळेत लस टोचायला आले तेव्हा मी संडासात लपलो होतो, ते त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. माणसं वळून बघत होती. ती साक्ष ऐकून त्या महिन्यात आणखी चार जण रक्त द्यायला गेले. मी पाचवा झालो नाही.

आता गेटवर कुणी थांबत नाही. मोटरसायकलची मागची सीट मोकळी असते. खड्डा आला की ती खडखडते, आधी खडखडत नसे. मला बामना म्हणणारं कुणी उरलं नाही. कधी कधी वाटतं, तो एकदा यावा, मागे बसावा, आणि घोडेगावच्या फाट्यापर्यंत जरी आला तरी तेवढ्या अंतरात मी त्याला सांगेन, समोर बघत, त्याचा चेहरा न बघता. चौदा महिने तो माझ्या मागे बसत होता. तेव्हा काय अडत होतं?

तिसगावला मी दोनदा गेलो. टेम्पो उभे असतात तिथे चहा प्यायलो. अनिलचं आडनाव मी विचारलेलं नव्हतं, आणि नुसत्या नावावर विचारायचं धाडसही झालं नाही, कारण समजा त्याने सांगितलं असतं की मूल तिसऱ्यांदाही गेलं?

गेल्या रविवारी संध्याकाळी मी रूथवहिनींकडे गेलो. त्या मेथी निवडत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, पट्टीसकट. त्यांचे हात चालत होते, मग थांबले.

"त्या टेम्पोवाल्याचं लेकरू?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

त्या आत गेल्या, वही घेऊन आल्या आणि माझ्यासमोर ठेवली. "तुमीच खोडा. अक्षर तुमचं हाय."

काट्यावरची रीत आहे – चुकीची नोंद गिरवून झाकायची नाही, एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही. मी तसंच केलं. वर लिहिलं, अनिल, तिसगाव.

"बायकोचं नाव?"

"विचारलं नव्हतं, वहिनी."

"मग लिवा, त्याची बायको आनि लेकरू."

लिहिलं. सहा वाजले. त्यांनी मला बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. डोक्यावर पदर घेतला आणि वाचायला लागल्या, प्रत्येक नावाला तो थांबायचा तेवढंच थांबत. पंधरा. सोळा. सतरा – अनिल, त्याची बायको, लेकरू. तिथे त्या जरा जास्त थांबल्या. मग अठरा.

मी दारात उभा राहून शेवटच्या, एकेचाळीसाव्या ओळीपर्यंत मोजलं. माझं नाव आलं नाही.