अकराव्या रिळातली शांतता

श्री. मारोतराव सोनकांबळे यांची माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या एका हुकमानं. "सर, चपला भाईर काढा. मशीनला धूळ चालत न्हाई." दुष्काळाचं साल होतं. लातूरात धुळीशिवाय दुसरं काही शिल्लक नव्हतं, आणि टॉकीजच्या केबिनमधले माझ्याहून दोन वर्षांनी लहान ऑपरेटर मला, एका शाळामास्तराला, चपला काढायला सांगत होते. काढल्या, पण मनातून चिडलो. आत भट्टी होती. दोन मशीनं, त्यांच्या दिव्यातल्या जळत्या कार्बनचा वास आणि कोपऱ्यात एक छोटं मडकं. त्यांनी त्यातलं पेलाभर पाणी माझ्यापुढं केलं. टँकरच्या त्या दिवसांत पेलाभर पाणी म्हणजे काय, हे त्या पिढीला सांगायला नको. माझ्याबरोबर कापड दुकानदार शिवलिंगअप्पा होते. ते म्हणाले, "मला तहान न्हाई." बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि अप्पांना तहान नव्हती! मी प्यालो. बौद्धाच्या हातचं पाणी आपण प्यालो, याचं मला पुढं कितीतरी वर्षं स्वतःचंच कौतुक वाटत राहिलं. त्या पाण्याच्या बदल्यात मी त्यांना काय दिलं, ते आता सांगतो.

पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात असं कडू बोलू नये, हे मला कळतं. ग्रंथाच्या संपादक प्रा. सुजाता सोनकांबळे, म्हणजे मारोतरावांच्या कन्या, यांनी 'बाबांचे जुने स्नेही' म्हणून माझ्याकडे लेख मागितला. सोबत पाठवलेल्या परिचयात एक वाक्य आहे : 'पुढे त्यांनी टॉकीजमधील नोकरी सोडली.' सुजाताताई, तुमच्या बाबांनी नोकरी सोडली नाही. ती गेली, आणि माझ्यामुळे गेली. हे एक वाक्य दुरुस्त करण्यापुरताच मी लेख लिहायला बसलो आहे. छापायचा की फाडायचा, ते तुम्ही ठरवा.

आमचं तेव्हा एक मंडळ होतं. रविवारी सकाळी गंजगोलाईतल्या एका हॉटेलात बसायचं आणि सिनेमाच्या संगीतावर भांडायचं. गाण्यांवर काय, कुणीही बोलतं. आम्ही बोलायचो गाण्यांच्या मधल्या वाजपावर, म्हणजे पार्श्वसंगीतावर. आमचा देव एकच. त्या संगीतकारांना आम्ही नुसतं 'वस्ताद' म्हणत असू. सिनेमांची नावंसुद्धा घेत नसू : डाकूचा सिनेमा, पुराचा सिनेमा, आईचा सिनेमा. डाकूच्या सिनेमात घोडे येताना जी बासरी आहे, तीच पुराच्या सिनेमात पाणी चढताना संथ करून घेतली आहे, हे मी हुडकून काढलं तेव्हा अप्पांनी अख्ख्या मंडळाला भजी चारली होती. या असल्या भांडणांत मारोतरावांना आम्ही एकदाही बोलावलं नाही. आम्ही एखादा सिनेमा तीनदा बघून मतं ठोकायचो. त्यांनी तोच सिनेमा दिवसाला तीन खेळ असा महिनाभर ऐकलेला असायचा. पण ते पडले ऑपरेटर. मशीन चालवणाऱ्याला कान असतील, हे आमच्यासारख्या विद्वानांच्या डोक्यातच आलं नाही.

त्यांच्या कामाबद्दल मात्र मंडळात दुमत नव्हतं. बाकीच्या टॉकीजमध्ये रीळ तुटलं की शिट्ट्या, शिव्या, खुर्च्यांची आदळआपट. आमच्याकडे रीळ तुटल्याचं मला आठवत नाही. मुरुडहून, जळकोटहून झिजून आलेल्या प्रिंटा ते दुपारभर हातानं चाचपून, एकेक जोड नीट करून मगच मशीनवर चढवत. एकदा अप्पांनी त्यांच्याकडे डाकूच्या सिनेमातला फिल्मचा वीतभर तुकडा मागितला, आठवण म्हणून. नवीन शर्टाचं कापडही देऊ केलं. मारोतराव म्हणाले, "अप्पा, सिनेमा वस्तादाचा हाय. माझा न्हाई, मालकाचा बी न्हाई. कसा कापू?" अप्पा आठवडाभर फुगून बसले होते.

आता मुद्द्यावर येतो. मंडळात माझी जी काही इज्जत होती, ती एका सिद्धांतावर उभी होती. वस्ताद प्रत्येक मरणाला वाजवतात. डाकू मरतो तेव्हा सारंगी. पुरात गाव बुडतं तेव्हा बायकांचा कोरस. पण आईच्या सिनेमात, अकराव्या रिळात, लेकरू मांडीवर मरतं तेव्हा काहीही वाजत नाही. नुसतं त्या आईचं तोंड, आणि दोन मिनिटं शांतता. ज्या माणसानं सगळ्या मरणांना सूर दिला, तो इथं हात जोडून गप्प उभा राहिला, असं मी लिहिलं. एका मासिकानं लेख छापला. लोक रस्त्यात थांबवून बोलायचे. खोटं कशाला बोलू, मी हवेत होतो.

मग नांदेडहून पोस्टकार्ड आलं. तिथंही असंच एक मंडळ होतं आणि त्याचे म्होरके होते गादेवार वकील. त्यांनी लिहिलं होतं : 'त्या प्रसंगाला वायलिनी आहेत. चांगल्या दोन मिनिटं आहेत. आपल्या टॉकीजचा भोंगा तपासून घ्यावा.' हॉटेलात ते कार्ड वाचून आम्ही पोट धरून हसलो. उत्तर धाडलं की आपण कान तपासून घ्यावेत. त्यांचं परत कार्ड, आमचं परत कार्ड. हे कित्येक वर्षं चाललं. तो सिनेमा अधूनमधून आमच्याच टॉकीजला परत लागायचा, आम्ही परत बघायचो, परत तीच शांतता. नांदेडला जाऊन एकदा बघून यावं, असं आमच्यातल्या एकाही शहाण्याला सुचलं नाही.

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी गावात जिकडंतिकडं कार्यक्रम होते. आम्हीही ठरवलं, नांदेडकरांना बोलवायचं, आईच्या सिनेमाचा दुपारचा खास खेळ लावायचा आणि हा वाद एकदाचा मिटवायचा. खेळाआधी मी निबंध वाचणार होतो. त्या दिवशी सकाळी मारोतराव शाळेत आले. मी वर्गाबाहेर गेलो. ते पायरीखाली उभे होते. म्हणाले, "सर, एक सांगायचं हाय. ती शांतता वस्तादाची न्हाई. ती माझी हाय."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं, ते त्यांच्याच शब्दांत देतो. "दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडनाऱ्या बाया सुट्टीच्या दिशी दुपारच्या खेळाला यायच्या. अकराव्या रिळात वायलिनी सुरू झाल्या की बायांच्या बाजूनं हंबरडा फुटायचा. कुनाचं लेकरू दवाखान्यात, कुनाचं मातीआड. एकीचं सुरू झालं की समद्यांचं. मालक म्हनले, तेवढं रीळ काप. म्या कापलं न्हाई, वस्तादाचं हाय. आवाजाचं बटन तेवढं खाली केलं. मग बाया गप बसून बघायच्या. पुढं पाऊसपानी झालं, पर मालकानं 'सुरू कर' म्हनलंच न्हाई. अन् तुमचा लेख आला, तवापासून तर मलाच भ्याव वाटाया लागलं."

मी म्हणालो, हे शक्यच नाही. ते म्हणाले, "सर, वाजप थांबलं तरी भोंग्याची खरखर ऱ्हाते. तितं खरखर बी न्हाई. तुमी इतकं बारीक ऐकता, तुमाला कसं कळलं न्हाई?"

दोन्ही गावच्या मंडळांसमोर निबंध वाचायचा होता. खिशात घडी घालून ठेवलेला तो निबंध मला जाणवत होता. मी म्हणालो, "मारोतराव, आजच्या दिवस तसंच ठेवा. नव्या जिल्ह्याच्या इज्जतीचा प्रश्न आहे." जिल्ह्याच्या! माझ्या तोंडाला काही लाज? ते म्हणाले, "तवा बाया हुत्या, सर. आता कुनासाठी बंद करू?" मी म्हणालो, "माझ्यासाठी." ते म्हणाले, "बरं."

दुपारी टॉकीज भरली. मी निबंध वाचला, टाळ्या पडल्या. अकरावं रीळ आलं. आईच्या मांडीवर लेकरू मेलं आणि पडद्यावर नेहमीसारखी शांतता झाली. मी अंधारात गादेवारांकडे बघितलं. ते जागेवर नव्हते. वकीलच ते, उठून सरळ केबिनच्या जिन्यानं वर गेले होते. मारोतरावांचा हात बटणावर असतानाच त्यांनी बघितला. मध्यंतर होऊन गेलेलं, तरी खेळ थांबवला गेला. पॅसेजमध्ये गर्दी झाली. गादेवार ओरडत होते, "काय करून राहिले तुम्ही लोक? इतकी वर्षं आम्हाला बहिरं म्हणता!" मालक धावत आले. पाहुण्यांसमोर त्यांचं तोंड लाल झालं होतं. त्यांनी मारोतरावांना विचारलं, "कुणी सांगितलं हे तुला?"

ज्यांनी पहिल्यांदा सांगितलं होतं, तेच हे विचारत होते. आणि ज्यानं त्या दिवशी सांगितलं होतं, तो चार हातांवर उभा होता. मारोतरावांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी भिंतीवरचं, पुढच्या शुक्रवारी लागणाऱ्या सिनेमाचं पोस्टर वाचायला लागलो. त्यातलं प्रत्येक नाव वाचलं. मागं ऐकू आलं, "म्याच केलं, मालक." मग केबिनची चावी टेबलावर ठेवल्याचा आवाज. माझ्या शाळेतल्या नोकरीला त्यानं काय धक्का लागणार होता? काही नाही. दोन मिनिटं खजील व्हावं लागलं असतं, बस. तेवढंही मला जमलं नाही.

पुढचं तर याहून वाईट आहे. एका ऑपरेटरनं फसवलेला बिचारा अभ्यासक म्हणून लोकांनी माझी कीव केली, आणि ती मी घेतली. गादेवारांनी दिलगिरीचं कार्ड पाठवलं : 'दोष आपला नव्हता.' तेही मी ठेवून घेतलं. मंडळ मोडलं. आईचा सिनेमा मी परत कधी बघितला नाही. टीव्हीवर लागला की उठून बाहेर जायचो.

मारोतराव रेणापूरला गेले. घराच्या पडवीत रेडिओ, टेपरेकॉर्डर दुरुस्त करू लागले. आमच्या शाळेचा लाऊडस्पीकर स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी बंद पडला तेव्हा हेडमास्तरांनी त्यांनाच बोलावलं. ते आले, तासाभरात नीट करून दिला. मी स्टाफरूममध्ये तपासलेल्या वह्या पुन्हा तपासत बसलो होतो. जाताना त्यांनी दारातूनच "नमस्कार सर" म्हटलं. नंतर त्यांच्या पडवीत पोरं जमू लागली. ते जुन्या टेपा लावायचे आणि विचारायचे, इथं कोण वाजवतंय, हे आधी कुठं ऐकलंय? आज लातूर-नांदेडची जी तरुण मंडळी मोबाईलवर वस्तादांचे सिनेमे शेजारी शेजारी ठेवून ऐकतात आणि हा ग्रंथ काढत आहेत, ती सगळी त्याच पडवीतली. आमच्या मंडळात खुर्ची नसलेल्या माणसानं हे केलं.

लेखाचं पत्र आल्यावर मी त्यांना भेटायला गेलो. त्यांच्या हातात सोल्डरिंगची कांडी होती. मी विचारलं, "हे सगळं लिहू का?"

"लिवा की."

"मला माफ केलंत?"

त्यांनी कांडी खाली ठेवली. "न्हाई सर. खोटं कशाला बोलू? सुजीच्या आईनं चार वर्सं दुसऱ्याच्या घरची धुनी धुतली. ते माफ कराया ती बी आता न्हाई. पर तुमी आलाव, बसा. च्या घ्या."

मी बसलो. चहा घेतला. आणि जे पन्नास वर्षांत विचारायला हवं होतं, ते विचारलं. "मारोतराव, तुम्हाला काय वाटतं? त्या जागेला शांतता बरी, की वायलिनी?"

ते हसले. "आज विचारलं व्हय तुमी! त्या बायांसाठी शांतता बरी हुती. पर वायलिनी... डाकूचा, पुराचा, समदे म्या ऐकले सर. वस्तादानं जल्मात तसं दुसरं वाजवलं न्हाई." मग कांडी परत हातात घेत म्हणाले, "अन् तुमी ते एकदा बी ऐकलं न्हाई."

गौरव समारंभाच्या दुपारी आईचा सिनेमा दाखवणार आहेत, आणि आवाजाच्या बटणापाशी मारोतराव स्वतः बसणार आहेत. आयोजक मला विचारायला आले होते की अकराव्या रिळाबद्दल त्यांना काही सूचना द्यायची का. मी त्यांच्यावर इतका ओरडलो की पोरं घाबरली. एकदा मालकानं सांगितलं, एकदा मी सांगितलं, तेवढं पुरे झालं. मारोतराव, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, हात असेच स्थिर राहोत आणि कान असेच तिखट राहोत. त्या दुपारी तुम्ही आवाज ठेवा नाहीतर बंद करा, तुम्हाला कुणीही काही सांगणार नाही. मी चपला बाहेर काढून येतो आणि मागच्या रांगेत बसतो.