न पाहता दिलेला होकार

दुपारी तीनच्या सुमारास शालनच्या डोळ्यांवर झापड येऊ लागते, तेव्हा तिच्यासमोर तपासायच्या मुद्रितांची चळत असते. वाचनालयाच्या माडीवर भरणाऱ्या ग्रंथपाल प्रशिक्षण वर्गाचा साठ वर्षांचा इतिहास, लिहिला तिनेच. पाचला तो छापखान्यात जायचा आहे. ‘कालिंदीबाई सबनीस प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्त झाल्या’ या ओळीवर तिची नजर अडते, अक्षरं ओली होऊन पसरतात, आणि जिन्यावर चपला वाजतात. डावी चप्पल जराशी फरफटणारी.

कालिंदीबाईंना वारून एकोणीस वर्षं झाली आहेत.

“बसल्या जागी झोपतेस? ग्रंथपालाला डुलकी लागली की पुस्तकांना पाय फुटतात. पहिल्याच तासाला सांगितलं होतं.”

अंबाड्यात खोचलेली तांबडी पेन्सिल, अंगाला खळीचा आणि डांबरगोळ्यांचा वास, हातात पुस्तकांच्या नोंदींचं जाडजूड खातं. शालन उठायला जाते, पण खुर्चीच उरलेली नाही. ती पुस्तकांच्या दोन उंच मांडण्यांमधल्या बोळात उभी आहे आणि बोळ पुढे निमुळता होत चालला आहे. सगळी पुस्तकं पाठ फिरवून बसलेली. समोर नुसत्या पानांच्या पांढऱ्या कडा.

“पडताळणी करू,” बाई म्हणतात. “मी आकडा वाचते, तू बघून सांग. एकशे एकवीस.”

“बाई, आकडे दिसतच नाहीत.”

“तेव्हा तरी कुठे पाहिले होतेस?”

तेव्हा, म्हणजे छत्तीस वर्षांपूर्वी. विशीतली शालन शिडीवर उभी होती, पाय भरून आले होते. बाई खालून आकडा वाचत आणि ती फळीकडे न पाहताच ‘आहे’ म्हणत गेली. तिच्या शब्दावर बाईंनी सही केली. महिन्याभराने अकरा ग्रंथ गहाळ निघाले. वाचनालयाच्या समितीने सही कोणाची एवढंच पाहिलं आणि बाईंना घरी बसवलं. शालन गप्प राहिली. बाईंनीही तिचं नाव घेतलं नाही.

“एकशे बावीस.”

“आहे.” आवाज तिचाच, पण तिने काढलेला नाही. ओठ घट्ट मिटले तरी घशातून होकार झिरपत राहतो, आहे, आहे, आणि प्रत्येक होकारासरशी एक पुस्तक आतल्या आत ओढलं जातं. पडलेल्या खाचांतून गार वारा येतो.

फळ्या आता बाईंच्या स्वयंपाकघरातल्या आहेत. ओळीने अकरा डबे, प्रत्येकावर बाईंच्या वळणदार अक्षरात एकेका हरवलेल्या ग्रंथाचा आकडा. शेगडीपाशी बाई पाठमोऱ्या.

“वर्ग सुटला, मग इथेच शिकवत होते. डाळतांदळाला क्रमांक दिले. विद्यार्थी तेवढे येईनात.”

“मला शिक्षा करायला आलात का, बाई?”

“अगं, मी कसली शिक्षा करणार? माझं काम वाचायचं.” खात्याचं शेवटचं पान उलटतं. “सबनीस, कालिंदी. प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्त. आहे का, बघून सांग.”

आणि त्या वळतात. चेहऱ्याच्या जागी ग्रंथसूचीच्या खणातलं कोरं कार्ड आहे. खालच्या कडेला सळई ओवायचं गोल भोक. आवाज त्या भोकातून येतो आहे.

“सांग ना, शालन.”

घशात होकार चढत येतो. ती दोन्ही हातांनी तोंड दाबते, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा फळीकडे बघते. तिथे वीतभर रिकामी जागा आहे, धुळीने भरलेली.

“नाही,” ती म्हणते. “असं झालंच नव्हतं, बाई.”

“मग खूण कर.”

चार वाजले आहेत. टेबलावर तिचं निळं बॉलपेन जिथल्या तिथे आहे. उजवी मूठ आवळलेली. एकेक बोट सोडवावं लागतं. आत बोटभर तांबडी पेन्सिल, तिच्याभोवती गुंडाळलेला एक लांब पांढरा केस.

‘प्रकृतीच्या कारणास्तव’ हे शब्द ती त्याच पेन्सिलीने खोडते. समासात लिहिते, ‘त्या पडताळणीत शिडीवर मी होते. मी पाहिलं नव्हतं.’ मग पेन्सिल खाली ठेवू बघते, आणि ठेववत नाही. लाकूड अजून उबदार आहे, कोणाच्या तरी केसांतून आत्ताच काढल्यासारखं.