बायकांच्या बाजूचा टॉवर

शाळा मी नववीतच सोडली. गडचिरोलीकडचं गाव सोडून सांगलीला आलो, तेव्हा नाटकाचे दिवे उचलून टांगणं एवढंच येत होतं. प्रकाशाचा आराखडा संगणकावर काढायला मला आमच्या लाइटवाल्या मालकांनी शिकवलं, तेही जेवणाच्या सुट्टीत, स्वतःचा डबा गार होऊ देऊन. त्यांच्याबद्दल बोलायला लागलो की माझं लांबतच जातं, म्हणून इथेच थांबतो.

त्या सॉफ्टवेअरमधला आराखडा म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. त्यांना लेअर म्हणतात. एकावर मंच, दुसऱ्यावर दिवे, तिसऱ्यावर वायरी, चौथ्यावर प्रेक्षक. लेअरच्या नावापुढे डोळ्याचं चिन्ह असतं. ते दाबलं की लेअर दिसेनासा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो. पहिल्यांदा स्क्रीनवरचे सगळे दिवे गेले तेव्हा मला वाटलं, सगळं काम बुडालं. मालक हसले. "आरं गड्या, झाकलंय फकस्त. पुसलं न्हाई."

औंधजवळच्या एका गावात जत्रेचं नाटक होतं. मालक सांगलीत दुसऱ्या कामात अडकले, म्हणून मला एकट्यालाच पुढे पाठवलं. गावानं आराखडा पसंत केला की मांडववाले खांबांसाठी खड्डे घेणार होते. नाहीच केला तर? वाटेत विटा सुटल्यापासून माझ्या डोक्यात तेवढंच चाललं होतं.

पारावर लॅपटॉप उघडला. नाटक बसवणारे निवृत्त सुभेदार शेजारी येऊन बसले. सगळे लेअर एकदम चालू होते. "ह्यो नकाशा हाय का चिपाडाचा ढीग?" त्यांनी विचारलं. मी घाईघाईनं एकेक डोळा बंद करत गेलो. शेवटी मंच आणि दोन बाजूंचे दिव्यांचे टॉवर तेवढे उरले. "आता कसं क्लिअर दिसतंय. फायनल," सुभेदार म्हणाले आणि माझा जीव भांड्यात पडला.

पाराला टेकून एक आजी उभी होती. ती म्हणाली, "सुभेदारा, ह्यात आमी कुटं बसलोय?"

मी प्रेक्षकांचा लेअर चालू केला. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, गावची जुनी रीत. डावा टॉवर पुरुषांच्या बाहेरच्या कडेला होता, उजवा मात्र बायकांच्या बरोबर पुढे उभा होता. आजी वाकून बघत राहिली. मग मला म्हणाली, "म्हंजे गड्यांनी नाटक बघायचं आन् आमी तुजा खांब बघायचा, व्हय रं?"

"मावशे, दोन तासाचा सवाल हाय," सुभेदार म्हणाले. "ॲडजस्ट करा."

"मग खांब तुमच्या म्होरं घ्या. तुमी करा ॲडजस्ट."

पारावरचे सगळे हसले, सुभेदारही. मला काही हसू येईना. तो टॉवर काढला तर नटांचे चेहरे एका बाजूनं काळे पडणार होते. पण आजीचं चुकत कुठं होतं? चाचरतच मालकांना फोन केला.

"बायकांच्या मागं उंच काय हाय का, बघ," ते म्हणाले.

स्लॅबचं एकच घर होतं. कुणाचं म्हणून विचारलं.

"माजंच की," आजी म्हणाली. "पोरगं मिल्ट्रीत हाय, त्यानं बांदलंय. चल वर. पर पापड वाळत घातल्यात, पाय देऊ नगंस."

पापडांच्या कडेकडेनं टेप धरून मी अंतर घेतलं, कठड्याची उंची घेतली आणि तिथेच बसून नवा लेअर काढला. त्याला नाव दिलं 'आजी'. उजवा टॉवर या वेळी झाकला नाही, पुसूनच टाकला. आराखड्यात कठड्यावर दिवे ठेवून पाहिले. उजेड चेहऱ्यांपर्यंत पोचत होता, पण जरा फिका.

"जमतंय का रं?" मालकांनी पुन्हा फोन करून विचारलं. "हव, पण दोन दिवे वाढवावे लागतील," मी म्हणालो.

"लावू की. मी घेऊन येतो," मालक म्हणाले. त्या उन्हात मला आपोआप हसायला आलं.

जत्रेच्या संध्याकाळी मी त्याच स्लॅबवर दिव्यांपाशी उभा होतो. खाली बायकांची बाजू गच्च भरलेली, पुढे मंच मोकळा. पडदा वर गेला, मी दिवे लावले. सगळ्यांची तोंडं मंचाकडे, आजीचं मात्र मागे, माझ्याकडे.

"त्यो बघा, आमच्या घरनं उजेड पडतोय," ती आजूबाजूला सांगत होती.

"आवं आत्ती, नाटक म्होरं हाय," शेजारची म्हणाली, आणि तिचे खांदे धरून तिला वळवून बसवलं.