आत्याचा कळप

आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील ती आठवडी बाजारात वाटायचे, उरलेल्यांच्या पाठीवर मी अक्षरं गिरवायची. म्हणून टेंभुर्णीच्या आत्याच्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली आणि नवीन जालन्यातले डॉक्टर म्हणाले, "तीन आठवड्यांत रक्तातली साखर खाली आणा, मगच ऑपरेशन," तेव्हा मी आधी पत्रकच लिहिलं. 'साखर कॅन्सरला पोसते! शत्रूची रसद तोडा!' आत्याच्या दारावर चिकटवलं आणि डॉक्टरांना फोटो दाखवला.

ते हसले. "इतकं सरळ नाही. चमचाभर साखर थेट गाठीत जात नाही. पण मधुमेह हाताबाहेर असला, साखर आणि इन्सुलिन कायम वाढलेलं राहिलं, तर गाठीच्या वाढीला हातभार लागू शकतो. जखमही लवकर भरत नाही."

मी पहिलं वाक्य खोडलं. खोटं पत्रक भिंतीला लावायचं नाही, हा आमच्या घरचा नियम.

भेटायला आलेल्या चुलतीनं उरलेलं मोठ्यानं वाचलं. "झकास लिहिलं गं!" म्हणाली आणि शिऱ्याचा डबा पुढं केला. "आजाऱ्याकडं कुणी रिकाम्या हातानं येतंय का?"

तो त्या दिवसातला पाचवा डबा. मी भांडायला तोंड उघडलं, तोवर आत्यानं चपला घातल्या. लग्नाआधी मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेली बाई ती. कोपऱ्यातली काठी उचलून म्हणाली, "डबा वापस ने. आन् बसून बोलायचं न्हाई. चालता चालता बोलू."

दुसऱ्या दिवसापासून जो भेटायला येई, तो तिच्यामागं चाले. गोळ्या वेळेवर, जेवण मोजकं आणि संध्याकाळी हा कळप गावाबाहेर.

"हर्र! ए मागची, कळप सोडू नको!"

"आवं, गुडघे दुखून राह्यलेत!"

"मंग शिरा कमी खाय!"

हसून हसून बायका रस्त्यातच बसायच्या. आठवड्याभरात डब्यांतून मेथीची भाजी यायला लागली. रसद तोडायला निघालेली मी मात्र सगळ्यांच्या मागं, धापा टाकत.

तिसऱ्या आठवड्याचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. "गोळ्यांशिवाय आणखी काय केलंत?"

"मेंढरं वळली," आत्या म्हणाली.

गावात उतरलो, तर बायका चपला घालून दारात उभ्या. चुलतीनं विचारलं, "तू दवाखान्यात गेल्यावर आमाला कोण वळणार?"

आत्यानं काठी माझ्या हातात दिली. "जखम भरली की मी हायेच. तवर ही पुढं चालंल. पत्रक तिनंच लिव्हलंय, तर चालू दे की तिलाबी बराबर!"